विहिरीतली हवा

पंचशीलाचा फोन आला तेव्हा मी पाणी तापवायच्या रॉडवर बसलेला पांढरा थर लिंबाच्या रसाने घासत होते. जालन्यात आमच्या भागातलं बोअरचं पाणी असं आहे की महिन्याभरात रॉड खडूसारखा दिसायला लागतो. हात ओले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, अण्णा गेले. सकाळी. झोपेतच," ती म्हणाली. रॉडवर लिंबाच्या रसाचे बारीक बुडबुडे येत होते, ते मी बघत राहिले... अण्णा म्हणजे तिचे वडील, भानुदास हिवाळे, वय सत्तरीच्या पुढे, काम विहिरी खोदण्याचं, राहणार तीर्थपुरीजवळची एक वस्ती. पेपरात बातमी यावी असा हा माणूस नव्हता, आणि ती आलीही नाही. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. घनसावंगी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी तीस वर्षांहून जास्त काळ विज्ञान शिकवलं. हवा, पाणी, खडक, खनिजं हे धडे इतक्या वेळा शिकवले की शेवटी शेवटी पुस्तक उघडावंही लागत नसे. पण हे धडे ज्याने जिवाच्या गरजेने शिकून घेतले असा विद्यार्थी मला एकच मिळाला, आणि तो माझ्या वर्गात कधी बसलेला नव्हता.

शाळेत रुजू होऊन माझं दुसरंच वर्ष होतं. शाळेच्या आवारातली विहीर खोल करायचं काम पावसामुळे दोनेक महिने बंद पडलं होतं, ते पुन्हा सुरू होणार होतं. सहामाही परीक्षा तोंडावर, आणि सुरुंगाचे आवाज झाले की मुली दचकून कंपास खाली पाडायच्या. म्हणून मी तक्रार करायला विहिरीवर गेले. काठावर एक सडसडीत माणूस उकिडवा बसून दोरीला बांधलेला पेटता कंदील हळूहळू खाली सोडत होता. भर दुपारी, लख्ख उन्हात. "दिवसा कंदील कशाला?" मी विचारलं. तो वर न बघताच म्हणाला, "खाली हवा हाये का न्हाई ते बघून राह्यलो." मी आठवीच्या पुस्तकाच्या जोरावर सांगितलं की हवा सगळीकडे असते. तेव्हा त्यांनी मान वर केली. "हवा असती, मॅडम. पण सगळीकडं तीच नसती." खाली कंदील एकदम बारीक झाला आणि विझला. त्यांनी तो वर ओढून घेतला, कडुलिंबाच्या मोठ्या फांद्यांचा जुडगा दोराला बांधला आणि तो गड्यांना विहिरीत जोरजोराने वर-खाली करायला लावला. मग बादल्यांनी पाणी उंचावरून ओतलं. तासाभराने कंदील पुन्हा सोडला, तो बुडाशी जाऊनही जळत राहिला. "आता उतरायला हरकत न्हाई," ते म्हणाले. मी सुरुंगांची तक्रार विसरूनच गेले होते. मी त्यांना सांगितलं की तो कार्बन डायऑक्साइड असणार, हवेपेक्षा जड असतो, म्हणून खाली साचतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पण तो इहिरीत येतो कुठून?" पुस्तकात बघून सांगते म्हटलं. "सांगा सवडीनं," ते म्हणाले, "मला तर उद्या उतरायचंच हाये." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मी त्या दिवशी घरी गेले ती कॉलेजची जुनी पुस्तकं काढूनच बसले.

कुजणारा पाला, मातीतली मुळं, मातीतले बारीक जीव, चुनखडीतून झिरपणारं पाणी... जसं कळलं तसं मी त्यांना सांगितलं. त्यानंतर काम आटोपलं की ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहायचे. आत या म्हटल्याशिवाय आत येत नसत, आणि आत आले तरी स्टुलावर बसायला बरेच दिवस लागले. सातवीपर्यंत शिकलेले, वाचायचे मात्र मन लावून. चार-पाच वेळा येऊन गेल्यावर एक दिवस त्यांनी भावाचं सांगितलं. उत्तम त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. दोघं मिळून विहिरीची कामं करायचे. एका शेतातली जुनी, वर्षानुवर्षं बंद पडलेली विहीर होती, तिच्यात पडलेला पंप काढायला उत्तम उतरला. भानुदासभाऊ वर दोर धरून. "खाली गेला, वाकला, अन बसला. दमून बसतो ना माणूस, तसा. मी वरून म्हणलं, उठ रे, जल्दी कर. मला वाटलं मजाक करून राह्यला." मग तेही उतरायला लागले, पण निम्म्यातच डोकं गरगरलं आणि वरच्या लोकांनी त्यांना ओढून घेतलं. गाव म्हणालं, विहिरीतल्या आसरांनी, पाण्यातल्या देवींनी नेला. भानुदासभाऊंच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली, घरात आसरा, भूत, उतारा असलं काही कुणी मानत नव्हतं. "आमी मानीत न्हाई. पण मंग काय व्हतं ते, हे बी कोणी सांगंना. पंधरा वर्सं झाले, मॅडम. दर इहिरीत उतरताना तेच डोक्यात."

मी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची होते आणि विज्ञानाने सगळं सोडवता येतं यावर माझा पक्का विश्वास होता. मी त्यांना चुन्याची निवळी करून दाखवली. पानाला लावायचा चुना पाण्यात कालवायचा, एक दिवस तसाच ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. त्यात नळीने फुंकायला सांगितलं. पाणी दुधासारखं झालं तसे ते मागे सरकले. "हे माझ्यातून आलं?" मी सांगितलं, श्वासातून जो वायू बाहेर पडतो तो चुन्याला मिळाला की पुन्हा चुनखडी तयार होते, ती ही. मग ठरलं की उत्तम गेला त्या विहिरीवर जायचं. ती तशीच पडून होती. एका रविवारी मी, भानुदासभाऊ आणि त्यांची पत्नी शांताबाई असे तिघं गेलो. मी निवळीची बाटली आणि एक वाटी घेतली होती. त्यांनी पिशवीतून दुसरी वाटी काढली. "एक वाटी वर ठेवू. न्हाईतर कोणी म्हणंल, हे पाणी असंच पांढरं होऊन राह्यलं असंल." मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. एक वाटी काठावर ठेवली, दुसरी टोपलीत ठेवून खाली सोडली. काही वेळाने वर ओढली तर तिच्यात पातळ ताक ओतल्यासारखं दिसत होतं. काठावरची नितळ होती.

ते दोन्ही वाट्या समोर ठेवून बसले. मग म्हणाले, "म्हंजे दिवा सोडला असता तर कळलं असतं." मी हो म्हटलं. "दिवा व्हता आमच्यापाशी. सामानात व्हता." परत येताना ते पुढे चालत होते, शांताबाई माझ्याबरोबर मागे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आसरा असत्या तर त्यांच्यावर राग तरी धरता आला असता. आता ह्यांनी राग कोणावर धरायचा?" त्यानंतर दोन महिने भानुदासभाऊ शाळेकडे फिरकले नाहीत. मला वाटायला लागलं, मी एका माणसाला उगाच नव्याने दुखावलं. आणि एका संध्याकाळी ते आले ते तीन विहीरवाल्यांना घेऊनच. त्यांना बाकावर बसवलं, स्वतः दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यांना ते पांढरं पाणी दाखवा." पुढे दर उन्हाळ्यात, कामांचा हंगाम लागायच्या आधी, हे ठरूनच गेलं. आजूबाजूच्या गावांतले विहिरीत उतरणारे लोक ते गोळा करून आणायचे. त्यांचा एकच नियम होता: दिवा विझला तर माणूस उतरणार नाही, शेताचा मालक कोणी का असेना. या नियमापायी त्यांची बरीच कामं गेली. त्याबद्दल कुरकुर केलेली मी ऐकली नाही.

या माणसाला दगडाचं आणि पाण्याचं जे ज्ञान होतं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. विहिरीचं पाणी जिभेवर ठेवून ते सांगायचे की मुरुमातलं आहे की खालच्या काळ्या पाषाणातल्या भेगेतलं. मचूळ लागलं की म्हणायचे, वर कुठेतरी चुनखडीचा पट्टा असणार, आणि खरंच असायचा. एकदा त्यांनी विचारलं, पाऊस गोडा, नदी गोडी, मग समुद्र खारा कशाने? मी सांगितलं की पावसाचा थेंब हवेतून येतानाच थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतो. ते पाणी दगड जरा जरा विरघळवत नेतं. नदी ते समुद्रात टाकते, पाण्याची वाफ होऊन वर जाते आणि क्षार तिथेच राहतात. शिवाय समुद्राच्या तळातूनही काही येतं. ते विचार करून म्हणाले, "म्हंजे आपल्या गोदावरीनं नेलेला दगुड बी हाये त्याच्यात." समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. मी कोकणात गेले तेव्हा त्यांनी सांगितल्यावरून बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं. त्यांनी अंगठ्याएवढा घोट तोंडात घेतला, खिडकीतून थुंकला आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्याच्यापरीस पाटलाची मचूळ इहीर बरी." उरलेलं पाणी आम्ही बशीत आटवलं. तळाला राहिलेलं मीठ ते कागदाच्या पुडीत बांधून घरी घेऊन गेले, शांताबाईंना दाखवायला.

आणि ते खडे. आपल्या काळ्या पाषाणात कुठेकुठे पोकळ्या असतात आणि त्यात पांढरे, गुलाबी, काचेसारखे स्फटिक धरलेले असतात. सुरुंग उडाला की ते डबराबरोबर वर यायचे. बाहेरून माणसं येऊन चांगले चांगले खडे घेऊन जात, बाकीचे डबरात जात. भानुदासभाऊंनी शाळेला पेटीभर खडे दिले. त्यातला एक चमकदार पांढरा खडा मी फोडला, तुकडा परीक्षानळीत घालून तापवला, आणि नळीच्या वरच्या गार भागावर पाण्याचे थेंब जमले. कोरडा ठणठणीत दगड, त्यातून पाणी. या जातीच्या खनिजांना झिओलाइट म्हणतात हे मी सांगितलं. सिलिकॉन, अल्युमिनियम, ऑक्सिजन यांची जाळी असते आणि जाळीच्या भोकांत कॅल्शियम आणि पाणी धरलेलं असतं. ते नळी हातात घेऊन उजेडात फिरवत राहिले. मग बोलण्याच्या ओघात मी म्हणाले की कुठलाही दगड घेतला तरी त्याच्या वजनात जवळजवळ निम्मा ऑक्सिजनच असतो. त्यांनी नळी खाली ठेवली. "निम्मा?" "जवळजवळ." "म्हंजे उत्तमच्या चारी बाजूनी ऑक्सिजनच व्हता... दगडात कोंडलेला."

आता जे सांगायचं आहे त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते कुटुंब अजून तिथेच राहतं. गोदाकाठचं गाव. उन्हाळ्याचे दिवस, सकाळची वेळ. भानुदासभाऊ एका शेतात नवीन विहिरीची जागा बघायला गेले होते. शेजारच्या शेतात आरडाओरडा झाला म्हणून धावत गेले. झाडोऱ्याने झाकलेली जुनी विहीर साफ करायला धाकटा भाऊ दिलीप उतरला होता आणि खाली निपचित पडला होता. थोरला, शेषराव, कमरेला दोर बांधून उतरायच्या बेतात. भानुदासभाऊंनी त्याला मागून कव घालून खाली पाडलं आणि त्याच्या अंगावर बसले. शेषराव तरणाबांड, हे पन्नाशीतले. लोकांनी शिव्या दिल्या, एकाने पाठीत लाथ घातली. कुठल्या वस्तीवरचा हा माणूस आणि आमच्या माणसाला हात लावतो, असंही कुणी बोललं. ते एकच वाक्य बोलत राहिले, "तू उतरला तर दोन होतील. आधी दिवा सोडा." शेवटी एका म्हाताऱ्याने दिवा सोडला. विहिरीच्या तोंडापासून तीन-चार हातांवर तो विझला. खडकाला भोकं पाडायचा कंप्रेसरचा ट्रॅक्टर असता तर त्याची हवा खाली सोडता आली असती, पण तो जवळपास नव्हता. भानुदासभाऊंनी मोसंबीच्या बागेत फवारणीला वापरतात तो मोठ्या पंख्याचा ब्लोअर आणवला, औषधाची टाकी सोडवून बाजूला ठेवली, ताडपत्रीची सुरळी करून पंख्याची हवा विहिरीत सोडली. वरून पाण्याच्या बादल्या ओतणं चालूच. दिवा बुडाशी जळत राहिल्यावर ते दुसऱ्या कुणाला न पाठवता स्वतः उतरले आणि दिलीपला बांधून वर पाठवलं. दिलीप वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते प्रयोगशाळेत आले. त्यांच्या पाठीचं दुखणं चेहऱ्यावर दिसत होतं. "मॅडम, माझं चुकलं का?" त्यांना उत्तर हवं होतं, धीर नको होता, म्हणून मी फळ्यावर लिहीत गेले. दिवा कितव्या हातावर विझला, म्हणजे खाली ऑक्सिजन किती उरला असेल, माणूस दम धरून किती वेळ काम करू शकतो, उतरायला, बांधायला, चढायला किती वेळ लागतो. ते प्रत्येक पायरीवर मला थांबवत होते. शेषराव पैलवान गडी आहे, आणखी थोडा दम धरला असता तर? मी तेही धरून पाहिलं. उत्तर बदलत नव्हतं. "दोघंही गेले असते, भाऊ. आणि शेषरावला काढायला तिसरा उतरला असता." त्यांनी मान हलवली, मग विचारलं, "हे त्याच्या आईला सांगता येईल का?" मला तेव्हा जे सुचलं त्याची आज लाज वाटते. मी म्हणाले, आपण जाऊ, मी मेणबत्ती आणि सोडा घेऊन येते, वायू ओतून मेणबत्ती विझवून दाखवते. ते म्हणाले, "तिला प्रयोग नगं, मॅडम. मला तुमी दाखवला, तर मला दोन महिने अन्न गोड लागलं न्हाई. तिला राग धरायला कोणी पायजे. मी हाये."

आणि ते खरंच राहिले. दोन वर्षं त्या बाईंनी बाजारात, एसटीच्या थांब्यावर, जिथे दिसतील तिथे त्यांना शाप दिले. माझं लेकरू तुझ्यामुळं गेलं म्हणाल्या. भानुदासभाऊ मान खाली घालून उभे राहायचे, बाईंचं बोलून झालं की निघायचे. वाट बदलून मात्र कधी गेले नाहीत. तिसऱ्या उन्हाळ्यात शेषराव त्यांच्या वस्तीवर आला. मागचं काही बोलला नाही. म्हणाला, "भाऊ, पाव्हण्याची इहीर साफ करायचीय. तुमी दिवा सोडायला येता का?" भानुदासभाऊ चप्पल घालून निघाले. काम झाल्यावर शेषराव त्यांना स्वतःच्या घरी घेऊन गेला. आईने चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली. हे मला सांगताना ते इतकंच म्हणाले, "चहा गोड व्हता."

त्यांना दम लागायला लागला तो चार-पाच वर्षांपूर्वी. आधी वाटलं वय झालं. मग छत्रपती संभाजीनगरला छातीचे फोटो काढले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय, ती आता निघत नाही. भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "कोणता दगुड, मॅडम?" दोन वाट्या घेऊन बसलेले ते मला आठवले आणि क्षणभर वाटलं, सांगू नये. पण त्यांच्याशी खोटं बोलायची सवय मला नव्हती. सिलिका, मी म्हणाले. खडक फोडताना उडणाऱ्या बारीक धुळीत असते ती. इतकी बारीक की श्वासाबरोबर थेट आत जाते आणि आत जखमा करत राहते. "बराबर," ते म्हणाले, जणू परीक्षानळीतलं काही ओळखलं. मग मी जे त्या फोटोंचं कळल्यापासून मनात ठेवलं होतं ते बोलून टाकलं. मी तुम्हाला विहिरीतल्या हवेचं सगळं सांगितलं, भाऊ, धुळीचं कधी सांगितलं नाही. खडकाचा धडा शिकवताना सिलिका हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. खिडकीतून तुमचं कंप्रेसर चालवणं दिसत होतं, पांढऱ्या ढगात उभे असायचात. ते कधीच मला जोडून दिसलं नाही. ते बराच वेळ दम घेत राहिले. "तुमीच न्हाई, कोणीच न्हाई सांगितलं. मला बी दिसत व्हतं की... रोज खोकून राह्यलो व्हतो. आता सांगितलं ना? मंग मी पुढं सांगतो." त्यानंतर त्यांनी खाटेवरूनच फोन सुरू केले. दगडाला भोक पाडताना पाणी सोडा, कोरडं पाडू नका, तोंडाला ओलं फडकं बांधा. बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागायचं, तेव्हा पलीकडचा माणूस थांबून राहायचा. ज्यांना त्यांनी कधीकाळी शाळेच्या बाकावर बसवलं होतं तेच लोक, आता म्हातारे झालेले, आणि त्यांची मुलं.

शेवटची दोन वर्षं खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र होतं. कोरोनानंतर अशी यंत्रं गावोगाव दिसायला लागली, त्यातलं एक पंचशीलाने मिळवलं. ती त्यांची थोरली मुलगी, माझी विद्यार्थिनी, आता त्यांच्याच भागात आशाताई म्हणून काम करते. एकदा भानुदासभाऊंनी मला विचारलं की हे यंत्र तर कुठून भरून आणत नाहीत, मग ऑक्सिजन येतो कुठून. मला माहीत होतं, तरी खात्री करून दुसऱ्या दिवशी सांगितलं. यंत्र खोलीतलीच हवा ओढून घेतं. आत झिओलाइटचे दाणे असतात, कारखान्यात केलेले, पण तुमच्या खड्यांच्याच जातीचे. ते नायट्रोजन अडवून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. त्यांनी नाकातली नळी बोटांनी चाचपली आणि डोळे मिटून हसले. ती आमची शेवटून दुसरी भेट.

जलदान विधीला मी गेले होते. दोन तालुक्यांतले लोक आले होते. विहीरवाले, ट्रॅक्टरवाले, मोसंबीवाले. मागच्या आठवड्यात पंचशीलाचा पुन्हा फोन आला, यंत्र एका पेशंटला नेऊन द्यायचंय, तुम्ही येता का? गंगाधर नावाचे गृहस्थ, घनसावंगीच्या पलीकडच्या खेड्यातले, भानुदासभाऊंबरोबर कंप्रेसरवर काम केलेले. आम्ही यंत्र काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून नेलं. गंगाधर भिंतीला उशी लावून बसले होते, बोलताना दर दोन शब्दांना थांबत होते. पंचशीलाने वायर जोडली, पाण्याची बाटली भरली, नळी त्यांच्या नाकाला लावली. गंगाधरच्या बायकोने विचारलं, "ह्याच्यात ऑक्सिजन भरायला कुठं जायचं?" मी तोंड उघडलं, पण पंचशीला आधीच बोलायला लागली होती. "कुठंच न्हाई, मावशी. हवा हितलीच, ह्या खोलीतली. आत दगडाचे दाणे हायेत, ते नको ती हवा धरून ठेवतेत. काकांनी इहिरीतून पांढरे खडे काढले ना, त्याच जातीचा दगुड." गंगाधर नळीतून दम घेत म्हणाले, "ते खडे... मी डबरात फेकायचो." मग ती मावशींना यंत्राची हवा गाळायची जाळी कशी धुवायची ते दाखवत होती, तेवढ्यात गंगाधरचा धाकटा भाऊ खडक फोडायच्या कामावरून आला. केस, भुवया, पापण्या धुळीने पांढऱ्या. पंचशीलाने त्याच्याकडे पाहिलं आणि हातातली जाळी खाली ठेवली.

"तोंडाला फडकं बांधता का?"

"बांधतो. कवा कवा."

"अन भोक पाडताना पाणी?"

तो भावाकडे बघून म्हणाला, "मालक पाण्याला न्हाई म्हणतो, ताई. वेळ जातो म्हणतो."

पंचशीलाने पिशवीतून वही आणि पेन काढला. "मालकाचं नाव सांगा," ती म्हणाली.